भेटून जा

तिच्या निबंधाखाली बाईंनी लाल शाईत लिहिलं होतं, ‘भेटून जा’. तिने ते दोनदा वाचलं. कारखान्याचे साहेब बाबांना एकदा ‘भेटून जा’ म्हणाले होते, आणि बाबा भरला डबा घेऊन दुपारीच घरी आले, ते कायमचे. घरातून कॉलेजात आलेली ती पहिलीच. विचारणार तरी कुणाला? हॉस्टेलची खोली रिकामी करून, बॅग घेऊनच ती बाईंच्या दारात उभी राहिली. “अगं, गावाला निघालीस?” “तुम्हीच लिहिलंत ना, भेटून जा.” बाईंचं हसू मावळलं. “वेडाबाई, निबंध चांगलाय. बसून आणखी नीट करू, म्हणून बोलावलं.” त्यांनी ‘भेटून’ खोडून ‘भेटत’ लिहिलं. तिचा जीव भांड्यात पडला. तोच ती दचकली. “आमच्या गावातला शेजारचा मुलगा याच वर्गात आहे, त्याच्या निबंधावरही तुम्ही ‘भेटून जा’च लिहिलंत. त्याचेही बाबा कारखान्यातलेच.” “मग पाठव ना त्याला.” “तो सामान घेऊन सकाळच्या गाडीनेच गावी गेला. न भेटताच.”