चादरीचं दुसरं टोक

"पाच वाजले, बाळ. ठेव ती चादर," लाँड्रीचा मालक कामावरच्या मुलीला म्हणाला. एरवी त्याच्या तोंडात एवढी साखर नसे. आज कामगार खात्याच्या निरीक्षक बाई दुकानात उभ्या होत्या.

चादरीची घडी दोघी मिळून घालत होत्या. एका टोकाला कामावरची मुलगी, दुसऱ्या टोकाला मालकाची. दोघी एकाच वर्गातल्या. साडेपाचला शाळेत नाटकाची तालीम होती. मालकाच्या मुलीच्या बऱ्याच तालमी बुडाल्या होत्या. आजही आली नाहीस तर तुझी भूमिका दुसरीला देईन, असं सरांनी बजावलं होतं. तिने ते सकाळीच बाबांच्या कानावर घातलं. बाबा 'बघू' म्हणाले. मोठ्यांच्या 'बघू'चा अर्थ पोरांना कुणी शिकवावा लागत नाही.

बाईंनी सगळं बारकाईने पाहिलं. बसायला स्टूल होतं. इस्त्रीपासून मुलीला लांब ठेवलेलं होतं. मुलीचं वय चौदाच्या वर, शाळा सुटल्यावर दोन तास काम, रविवारी सुट्टी.

"सगळं नियमाला धरून आहे," त्या म्हणाल्या. मालकाचा जीव भांड्यात पडला. कामावरच्या मुलीने दप्तर उचललं, मैत्रिणीकडे एकदा पाहिलं आणि तालमीला गेली.

मालकाच्या मुलीने चादरीचं सुटलेलं टोक भिंतीतल्या खिळ्याला अडकवलं. पूर्वी ते टोक आई धरायची. आई वारली, तेव्हा बाबांनी हा खिळा ठोकला, बरोबर लेकीच्या उंचीवर. त्यांना वाटलं, पोरीची सोय झाली.

"आणि ही?" बाईंनी विचारलं.

"ही होय? ही घरचीच. माझी लेक."

बाई घुटमळल्या. "घरच्या मुलांना हे नियम लागत नाहीत," त्या मुलीकडे न बघता म्हणाल्या.

मुलीचे हात थांबले. बाबा काही वाईट नव्हते. बायको गेल्यापासून तेही उभ्यानेच जेवत होते. रागवावं तरी कुणावर, हेच तिला कळेना. मागे गठ्ठ्यात अजून ढीगभर चादरी होत्या. तिने खिळ्यावरचं टोक सोडवलं, चादर छातीशी धरली आणि वडिलांसमोर जाऊन उभी राहिली.

"बाबा," ती म्हणाली, "तिच्यासारखं मलाही कामावर ठेवा ना."