एक थेंबही नाही

आमच्या सामाईक पोर्चमध्ये दादाची जुनी मोटार उभी असते. भंगारवाल्यांचे उंबरे झिजवून त्याने ती सुट्या भागांतून उभी केली आहे. तिच्यातून तेल गळायचं आणि चपलांना लागून माझ्या घरात यायचं. "ही मोटार आहे की गळकी मोरी?" असं मी रोज सकाळी विचारायचो.

गेल्या रविवारी दादाचं डोकं फिरलं. माझ्या बायकोसमोर पाना नाचवत तो ओरडला, "तुला स्कूटरची किक धड मारता येत नाही! यापुढे गाडीबद्दल एक शब्द काढलास, तर याद राख!"

मग तो तावातावाने गाडीखाली शिरला. इंजिनातलं सगळं तेल घमेल्यात काढलं, तळाचं फाटलेलं पॅकिंग बदललं आणि बोल्ट आवळले. आठवडाभर त्याने गाडी सुरूही केली नाही, नुसता वाकून वाकून फरशी बघत होता.

आज त्याने मला मुद्दाम बाहेर बोलावलं. गाडीखाली अंथरलेला पांढरा कागद कोरा करकरीत होता.

"बघ, डोळे फाडून बघ! एक थेंब तरी आहे? आता का दातखीळ बसली तुझी?"

एवढं बोलून तो ऐटीत आत बसला आणि त्याने किल्ली लावली.



नव्या तेलाचा डबा अजून जिन्याखालीच आहे, सीलसकट. तेलाशिवाय इंजिन जाम होतं, एवढं किक न मारता येणाऱ्यालाही कळतं. पण गाडीबद्दल एक शब्द काढायचा नाही म्हणजे नाही.