एक नंबर मोठे

"चिखल असला तर?" झुंबररावांनी विचारलं.

"मग हा बूट बघा. खाली खुट्या आहेत. घसरणार नाही," दुकानदार म्हणाला.

"आणि डांबरी रस्ता लागला तर?"

"डांबरावर खुट्या टोचतील. त्याला हा सपाट."

"अहो, निम्मा रस्ता डांबरी आणि निम्मा द्राक्षबागेतला. पोरीनं काय एका पायात हा आणि दुसऱ्या पायात तो घालायचा?"

द्वारका चौकातल्या त्या दुकानात बापलेक बराच वेळ बसले होते. तृप्ती स्टुलावर बसून निवांत मोबाइल बघत होती. पळायचं तिला होतं आणि घाम बापाला फुटला होता.

त्याला कारण होतं. आदल्या आठवड्यात तृप्ती गॅलरीत फोनवर बोलताना त्यांच्या कानावर पडलं होतं, "पुढच्या महिन्यात पळायचं. पक्कं. पप्पांना अजून नाही सांगितलं." झुंबरराव ताटावरून तसेच उठले. सटाण्याचा शेखर त्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. कांद्याच्या व्यापाऱ्याकडे कामाला असलेल्या त्या पोराला दिवाळीत त्यांनीच बाहेरच्या बाहेर वाटेला लावलं होतं. पक्की नोकरी नसलेल्या घरात माझी मुलगी जाणार नाही, असं ठणकावलं होतं. तेव्हापासून घरात त्याचं नाव निघालं नव्हतं, आणि त्या न निघणाऱ्या नावाचीच त्यांना जास्त धास्ती होती.

शेवटी न राहवून त्यांनी तिला विचारलं. तिनं हसत हसत मोबाइलवर जाहिरात दाखवली. निफाडजवळच्या बागांमधून दहा किलोमीटरची स्पर्धा.

"पळणार म्हणजे पळणार, पप्पा. तुम्हाला काय वाटलं?"

काय वाटलं ते सांगायची सोय नव्हती. झुंबररावांना स्वतःची लाज वाटली, आणि त्या लाजेपोटीच आज ते खिसा सैल सोडून बसले होते.

दुकानदारानं मधला तोडगा काढला. बारीक खुट्यांचे, जाळीचे बूट. पाणी आत गेलं तरी लगेच निथळेल. नाड्या भडक नारिंगी.

"नंबर?"

"सहा," तृप्ती म्हणाली.

"अगं, तुझी चप्पल पाचची आहे."

"पळताना पाय सुजतात, पप्पा. एक नंबर मोठेच घेतात."

"घेतात बरेच जण," दुकानदारानं दुजोरा दिला. लेकीनं एवढी माहिती काढली याचं झुंबररावांना कौतुक वाटलं. त्यांनी लवकर वाळणारे मोजे, टोपी आणि पातळ रेनकोटही घेतला.

मग सराव सुरू झाला. सकाळी संजना घ्यायला यायची. तृप्तीची कॉलेजपासूनची मैत्रीण, उंच, दणकट, कबड्डी खेळलेली. दोघी गोल्फ क्लबच्या मैदानावर जायच्या. बूट चिखलानं माखून घरी येत. ते झुंबरराव स्वतः धूत आणि आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून वाळत ठेवत. त्यांच्या पत्नी लताबाई म्हणायच्या, "माझ्या चपलेला कधी असा हात नाही लागला."

महिना संपत आला तसा बुटाचा तळ आतल्या बाजूनं झिजलेला दिसू लागला. तृप्तीच्या चपला नेहमी टाचेशी झिजायच्या. पळायला लागलं की माणसाची चाल बदलत असेल, असं त्यांनी ठरवून टाकलं.

पण त्यांना चैन नव्हती. ऑफिसात फाइल उघडी टाकून ते हवामान बघत. पाऊस दाखवला की वाटे, मोठ्या खुट्यांचेच घ्यायला हवे होते. ऊन दाखवलं की सपाट बुटांची आठवण येई. पोरगी मध्येच कुठं पाय मुरगळून बसली तर? वयोगटासाठी मूळ कागद लागतात असं तृप्ती म्हणाली, तेव्हा त्यांनी दिवाळीपासून कुलपात ठेवलेलं आधार कार्ड आणि शाळेचा दाखला काढून तिच्या हातात दिला. पावसात भिजू नये म्हणून वर प्लॅस्टिकची पिशवीही दिली.

रविवारी निघताना लताबाईंनी लेकीच्या हातावर दही-साखर ठेवली. त्यांचे डोळे भरून आले.

"अगं, पळायला चाललीय, सासरी नाही," झुंबरराव म्हणाले.

लताबाईंनी पदरानं डोळे टिपले.

स्पर्धेच्या जागी संजना आधीच येऊन थांबली होती. ती बॅग सांभाळायला आली होती. कोरडे कपडे, टॉवेल, कागद, सगळं त्या बॅगेत झुंबररावांनीच भरलं होतं. तृप्तीच्या पायात मात्र अजून सँडल.

"बूट घाल ना."

"इथं सगळं पाणी साचलंय, पप्पा. रेषेवर गेले की घालते. तुम्ही शेवटच्या कमानीपाशी थांबा. या गर्दीत तुम्हाला काय दिसणार?" तिनं वाकून नमस्कार केला.

झुंबररावांना गलबलून आलं. "नंबर नाही आला तरी चालेल," ते म्हणाले. "नीट पोहोच म्हणजे झालं."

"पोहोचते," ती म्हणाली.

कमानीपाशी ते केळं आणि पाण्याची बाटली घेऊन उभे राहिले. पावसाची बारीक भुरभुर सुरू झाली होती. येणारा प्रत्येक जण टोपी-रेनकोटात गुरफटलेला, तोंडं ओळखू येईनात. झुंबरराव मग पायांकडेच बघत राहिले. निळे बूट गेले, काळे गेले. एक पोरगा लंगडत आला तसे ते टाचा उंचावून त्याच्या मागं बघू लागले.

आणि मग त्यांना नारिंगी नाड्या दिसल्या. चिखलानं भरलेल्या, पण एकेक पाऊल घट्ट रोवत येणाऱ्या.

"आली! माझी तृप्ती आली!" शेजारच्या अनोळखी माणसाचा दंड धरून ते ओरडले. हातातलं केळं टाकून ते कमानीकडे धावले. आयुष्यात ते असे कधी धावले नव्हते.

ती रेषा ओलांडून गुडघ्यांवर हात टेकून वाकली. छातीवर तृप्तीचा नंबर होता. डोक्यावर तृप्तीची टोपी होती. झुंबररावांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिनं मान वर केली.

ती संजना होती.

"तृप्ती कुठंय?"

संजनाला धाप लागली होती. तिनं त्यांची नजर चुकवली.

"ती पण पळाली, काका."