लॉगिनचा रंग

विश्रामबागेतल्या कॉलेजात लिनक्सची लॅब नवीनच आली होती. लॉगिन केलं की काय उघडावं आणि मागं कुठला रंग दिसावा, हे ज्याच्या-त्याच्या खात्यातल्या एका छोट्या फाइलीत लिहिलेलं असे. सगळ्यांनी सरांनी दिलेली फाइल मुकाट्यानं तशीच ठेवली, म्हणून सगळे स्क्रीन करडे. आम्रपालीनं मात्र पहिल्याच आठवड्यात आपल्या फाइलीतली रंगाची ओळ बदलली. गर्द निळा.

दुसऱ्या दिवशी बघते तर पुन्हा करडा. तिनं निळा केला. परत करडा. दुसऱ्याच्या फाइलीत हात घालायचा अधिकार लॅबमध्ये एकट्या महेंद्र सरांना होता.

शेवटी ती सरळ त्यांच्या टेबलापुढं जाऊन उभी राहिली. "सर, माझी ओळ तुमी का पुसता?"

"लॅबला शिस्त असते."

"शिस्त, का त्या रंगाची अडचण हाय?"

सरांनी आजूबाजूला पाहिलं. बाकीची पोरं लांब आपापल्या स्क्रीनपुढं होती. मग एरवी पुस्तकासारखं बोलणारा तो माणूस हळूच म्हणाला, "चौदा एप्रिलला आमच्या बी दारावर ह्योच निळा झेंडा असतो, पोरी. हितं कुणाला ठावं न्हाई. तुला अजून हितं लय दिवस काढायचं हायत. म्हणून पुसतो."

आम्रपाली जागेवर येऊन बसली. तिनं तीच ओळ पुन्हा लिहिली आणि साऱ्या लॅबला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "म्हणूनच लिवते, सर."