पहिलं शील

उंदीर मारायच्या गोळ्यांचा कारखाना आहे आमच्या मालकांचा. दहा दिवसांच्या ध्यानशिबिरातून ते परत आले आणि आम्हा कामगारांना चक्क अहो-जाहो करायला लागले. मला तेव्हाच वाटलं, कुठंतरी पाणी मुरतंय. वीस वर्षं मी गोळ्यांत विष कालवत होतो. ते कामही त्यांनी गोड बोलून स्वतःकडे घेतलं.

काल गोदामात एक गलेलठ्ठ उंदीर आमचीच गोळी पुढच्या पायांत धरून निवांत खाताना दिसला. ती संपवून तो दुसरी शोधायला गेला. मी तडक केबिनमध्ये.

"मालक, गोळीतलं विष कुठं गेलं?"

"बंद केलं. शिबिरात पंचशील घेतलंय. पहिलंच शील, जीव घ्यायचा नाही. आता नुसतं पीठ आणि साखर."

"आणि चौथं शील, खोटं न बोलायचं? डब्यावर अजून 'उंदरांचा हमखास नायनाट' छापून येतंय. भावही तोच."

मालकांनी डोळे मिटले, लांब श्वास घेतला आणि सावकाश सोडला.


"अहो, लेबल छापणारा अजून शिबिराला गेलेला नाही."