डबीतली चूक

"गाडी ऐन वेगात गुदमरते," तरुण गिऱ्हाइकाने गॅरेजवालीला सांगितलं. टर्बो इंजिनाचं पेट्रोल कमीजास्त करणारी डबी बसवली होती तिच्या बाबांनी, वारले त्याच्या आदल्या वर्षी. लॅपटॉप जोडताच चूक दिसली: वेग चढला की पेट्रोल नको तितकं सुटत होतं. बाबा इंजिन आवाजावरूनच जुळवायचे, आणि शेवटी शेवटी त्यांचा कान गेला होता, दुसरं काय. तिने आकडे सुधारले; तरुण चक्कर मारायला सुसाट निघाला. त्याची आई स्टुलावर निवांत बसली होती. "देवमाणूस होते गं तुझे बाबा," ती म्हणाली. "याचे वडील वेगापायी गेले. तुझे बाबा मला म्हणाले, 'वहिनी, पोराला कळू देऊ नका, पण गाडी ठरावीक वेगापुढे जाणार नाही, तशी सोय केलीय.'" बाहेर मोकळ्या रस्त्यावर टर्बोची शिट्टी चढत गेली. दोघी कान देऊन ती अडखळायची वाट बघत राहिल्या.