आधी विचारायचं

काल आमच्या गल्लीतल्या नाट्यमंडळाच्या प्रयोगात, संशयाने पेटलेल्या सेनापतीने एका हरवलेल्या रुमालावरून निर्दोष बायकोचा गळा दाबला, तेव्हा अख्खं सभागृह हळहळलं. सगळ्यात जास्त संतापले ते माझे भाऊजी, ताईचे यजमान. "अरे गाढवा, आधी तिला विचार तरी," असं ते पाचव्या रांगेतून ओरडले आणि पुढच्या बायकांनी डोळे पुसता पुसता माना डोलावल्या.

ताईने तो प्रवेश पाहिलाच नाही. माझं तीन महिन्यांचं बाळ मध्येच किरकिरायला लागलं, तेव्हा "तू बघ गं, कधी नव्हे ती घराबाहेर पडलीयेस," म्हणत ती त्याला घेऊन बाहेर गेली होती.

नाटक सुटल्यावर ती पायऱ्यांवर भेटली. बाळ तिच्या खांद्यावर गाढ झोपलं होतं आणि त्याने ओकलेलं दूध तिच्या ओढणीवर अजून ओलं होतं.

भाऊजींनी तिच्यापुढे हात पसरला. "अर्धा तास कोणाशी बोलत होतीस? फोन दे इकडे."

माझा रागावलेला चेहरा बघून ते समजुतीच्या सुरात म्हणाले,

"मी निदान आधी विचारतो तरी."